घटस्फोट झाला, जॉइंट होमलोनचं काय?

स्कूटरसाठी कर्ज मागायला गेले होते. शोरूममधल्या मुलाने माझा पॅन नंबर टाकला, दोन मिनिटं स्क्रीनकडे बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मॅडम, तुमचं होत नाहीये. होमलोन थकलंय तुमचं."

घटस्फोटाला तेव्हा चौदा महिने झाले होते. संमतीने झालेला, कोर्टात कुणाचाही आवाज न चढता. अटींच्या कागदावर एक ओळ होती: "सदर सदनिकेवरील उर्वरित कर्ज अर्जदार क्र. १ फेडतील." मी अर्जदार क्र. २. त्या ओळीवर भरवसा ठेवून मी घर सोडलं आणि कर्जाकडे पुन्हा वळून बघितलं नाही.

त्या रात्री क्रेडिट रिपोर्ट काढला. त्यात प्रत्येक कर्जाखाली महिन्या-महिन्याचे छोटे चौकोन असतात. हप्ता वेळेवर गेला असेल तर चौकोनात ०००, नाहीतर थकल्याच्या दिवसांचा आकडा. माझ्या चौकोनांत आधी शून्यांची लांब रांग होती. मग ०२९. मग ०६०. राहत होता तो, हप्ता भरायचा होता त्याने, आणि आकडे दोघांच्याही रिपोर्टमध्ये सारखेच उमटत होते.

तेव्हापासून बँक, वकील आणि दुय्यम निबंधक कार्यालय (जिथे घराचे दस्त नोंदवतात) यांच्यात ज्या फेऱ्या झाल्या, त्यांतून जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी बाई म्हणून माझ्या बाजूने लिहिते आहे, पण असे अडकलेले पुरुषही मी पाहिले आहेत. नियम दोघांना तेच आहेत.

आधी एवढं समजून घ्या

कोर्टाने तुमचं लग्न संपवलं, कर्जाचा करार संपवला नाही. घटस्फोटाच्या खटल्यात बँक पक्षकार नसते, म्हणून हुकूमनाम्यातल्या, म्हणजे कोर्टाच्या घटस्फोटाच्या आदेशातल्या, अटी तिला लागू होत नाहीत. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ४३ नुसार एकत्र वचन देणाऱ्यांपैकी कुणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागता येते. पूर्ण, निम्मी नाही. "माझा अर्धा हिस्सा मी भरते, उरलेलं त्याच्याकडून घ्या" हे बँकेला सांगून उपयोग होत नाही. त्याच कलमात पुढे तुमचाही हक्क लिहिला आहे: तुम्ही जास्त भरलंत, तर दुसऱ्याकडून त्याचा वाटा मागू शकता. पण ते तुम्हा दोघांमधलं प्रकरण. बँकेला त्याच्याशी देणंघेणं नाही.

दुसरी गोष्ट, मालकी आणि कर्ज यांचे कागद वेगळे असतात. मालक कोण ते नोंदणीकृत करारनामा आणि इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयाचा त्या दस्ताचा उतारा, सांगतो. कर्जदार कोण ते बँकेचं मंजुरीपत्र आणि कर्जकरार सांगतो. बऱ्याच घरांत कर्जाची रक्कम वाढावी म्हणून बायकोचा पगार धरलेला असतो, तिच्या सह्या कर्जाच्या कागदांवर पानोपानी असतात, आणि करारनाम्यावर एकट्या नवऱ्याचं नाव असतं. अशा बाईकडे कर्ज पूर्ण आहे आणि कागदोपत्री घर शून्य. तुम्ही यात मोडत असाल तर पुढचं प्रत्येक पाऊल वकिलाशी बोलून टाका, कारण तुम्ही भरलेल्या प्रत्येक हप्त्याचा पुरावा हाच तुमचा आधार असणार आहे. दोघांची नावं असतील आणि हिस्से लिहिलेले नसतील, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४५ नुसार ज्याने जेवढे पैसे घातले तेवढा त्याचा हिस्सा, आणि तो पुरावा नसेल तर समसमान धरतात.

पहिल्या आठवड्यात काय काय करायचं

क्रेडिट रिपोर्ट काढा. आपल्याकडे चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. पैसे भरायला सांगणाऱ्या पानावर गेलात तर मागे फिरा, फुकटचा दुवा शोधा.

मग बँकेत जा. खिडकीवर बसलेल्या मुलीला गृहकर्जाचं फारसं माहीत नसतं, ते काम कर्ज विभागाचं असतं. तिथे लेखी अर्ज द्या आणि या चार गोष्टी मागा: आजपर्यंतचा खातेउतारा, थकबाकीचा आजचा आकडा, मंजुरीपत्राची व कर्जकराराची प्रत, आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदांची यादी. "मुख्य कर्जदारालाच देतो" असं मला एकदा ऐकवलं गेलं. तुम्ही सहकर्जदार आहात, सही तुमचीही आहे, नम्रपणे पण ठामपणे मागत राहा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्या. पोच घेतल्याशिवाय बँकेच्या दारातून बाहेर पडू नका. वर्षभराने "तुम्ही कळवलंच नव्हतं" म्हणतील तेव्हा तो जांभळा शिक्काच कामाला येतो.

आणि सगळ्यांत सोपी, सगळ्यांत जास्त विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पत्ता बदला. बँकेच्या नोंदीत माझा पत्ता त्याच फ्लॅटचा होता, मोबाइल नंबर त्याचा होता. थकबाकीची पत्रं माझ्या नावाने निघत होती आणि त्या घराच्या दाराआत सरकवली जात होती. मी ती कधी पाहिलीच नाहीत. कायद्याच्या नोटिशीही नोंदीतल्या पत्त्यावरच जातात आणि मुदत तिथूनच मोजली जाते. नवा पत्ता, नवा मोबाइल, नवा ईमेल लेखी द्या, आणि दर महिन्याचा खातेउतारा ईमेलवर मागवा.

तुमचं कर्ज ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं असेल, म्हणजे जास्तीचे पैसे भरून पुन्हा काढता येतात असं, तर त्याच अर्जात लिहा की यापुढे पैसे दोघांच्या सहीनेच काढता यावेत. नाहीतर तुम्ही घाम गाळून कमी केलेलं मुद्दल एका ट्रान्सफरमध्ये पुन्हा वर जाऊ शकतं.

हप्ता तुमच्या खात्यातून आपोआप जात असेल तर तो थांबवण्यासाठी खातं रिकामं ठेवू नका. २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ नुसार असा मॅन्डेट (हप्ता आपोआप कापायला तुम्ही बँकेला दिलेली परवानगी) पैशाअभावी परत जाणं हा चेक न वटण्यासारखाच गुन्हा आहे. मॅन्डेट बदलायचा तर बँकेत अर्ज देऊन, रीतसर.

थकबाकीचं कॅलेंडर

भिंतीवरच्या कालनिर्णयावर या तारखा लिहून ठेवा. समजा ५ एप्रिलचा हप्ता गेला नाही. पहिले तीस दिवस बँक खात्याला एसएमए-० म्हणते (स्पेशल मेन्शन अकाउंट, म्हणजे लक्ष ठेवायचं खातं). ५ मेला ते एसएमए-१ होतं, ४ जूनला एसएमए-२, आणि ४ जुलैला एनपीए, म्हणजे बुडीतखाती जाण्याच्या वाटेवरचं कर्ज. या तीन महिन्यांत बँकेची भाषा कशी बदलते ते मी ऐकलं आहे. आधी "मॅडम, आठवण करून देतोय", मग "उद्यापर्यंत भरा", आणि एनपीए झाल्यावर फोन करणारी माणसंच बदलतात.

आकड्यांत बघू. ४० लाख रुपये, २० वर्षं, ८.५ टक्के व्याज असेल तर हप्ता ३४,७१३ रुपये. तीन थकले की १,०४,१३९, वर दंड आणि चेक परत गेल्याचे चार्जेस. तोवर रक्कम आवाक्यात असते. एनपीए झाल्यावर मात्र बँक थकलेले तीन हप्ते नाही, उरलेलं संपूर्ण कर्ज मागू शकते. शिवाय एकदा एनपीए झालेलं खातं एखादा हप्ता भरून सुधारत नाही, सगळी थकबाकी शून्यावर आणावी लागते. म्हणून माझं सरळ मत आहे: नव्वदावा दिवस उलटू देऊ नका. आधी भरा, मग भांडा.

दंडाचा हिशोबही तपासा. १ एप्रिल २०२४ पासून बँकांना थकबाकीवर दंडव्याज लावता येत नाही, दंड वेगळा शुल्क म्हणून लावायचा आणि त्यावर पुन्हा व्याज चढवायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. माझ्या उताऱ्यातली एक नोंद मी अशीच दाखवून दिली आणि ती रक्कम परत आली.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर येता कामा नयेत. तुमच्या ऑफिसात, शेजाऱ्यांकडे, आईवडिलांकडे कर्जाची वाच्यता करायलाही मनाई आहे. वेळ आणि नंबर लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला पाठवा.

भरायचंच असेल तर कसं भरायचं

पूर्वीच्या नवऱ्याच्या बचत खात्यात "हप्त्यासाठी" म्हणून पैसे कधीही टाकू नका. ते तिथेच जिरतात, आणि उद्या तोच म्हणू शकतो की ती उधारी फेडली किंवा मुलांचा खर्च दिला. रोख तर देऊच नका. तुमच्या एकटीच्या खात्यातून थेट कर्जखात्यात भरा, शेऱ्यात महिना लिहा, आणि त्याच दिवशी त्याला ईमेल करा. माझा ईमेल दर महिन्याला हाच असायचा:

"अमुक महिन्याचा गृहकर्जाचा हप्ता आपण भरला नाही. खातं थकू नये म्हणून मी आज तो माझ्या खात्यातून भरला आहे. घटस्फोटाच्या अटींनुसार ही जबाबदारी आपली असल्याने ही रक्कम आपल्याकडून वसूल करण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे."

राग नाही, टोमणा नाही, जुनी कहाणी नाही. कारण हे पत्र वाचणारा खरा वाचक उद्याचा न्यायाधीश आहे. करार कायद्याचं कलम ६९ सांगतं की दुसऱ्याने द्यायचे पैसे, ज्यात आपलं हित गुंतलेलं आहे असे, आपण भरले तर ते परत मागता येतात. मुदत मात्र ध्यानात ठेवा: पैसे भरल्यापासून तीन वर्षं. प्रत्येक हप्त्याची तीन वर्षं वेगळी मोजायची. "एकदाच सगळं मागू" म्हणून पाच वर्षं थांबलात तर पहिल्या दोन वर्षांचे पैसे गेले.

अजून हुकूमनामा झाला नसेल तर थांबा

तुम्ही अजून अटी लिहिण्याच्या टप्प्यावर असाल तर हा भाग दोनदा वाचा. माझं जे चुकलं ते इथेच.

"उर्वरित कर्ज अर्जदार क्र. १ फेडतील" या ओळीत काय नाही ते बघा. कधीपर्यंत ते नाही. नाही फेडलं तर काय, ते नाही. माझं नाव कर्जातून कधी निघणार ते नाही. माझ्या हिश्शाचं काय तेही नाही. आज मी तीच अट लिहायला बसले तर त्यात कर्जखात्याचा क्रमांक आणि त्या तारखेची बाकी रुपयांत असेल. हप्ता कुणी, कुठल्या खात्यातून, कुठल्या तारखेला भरायचा आणि त्याचा पुरावा दर महिन्याच्या दहा तारखेपर्यंत ईमेलने द्यायचा, हे असेल. सहा महिन्यांच्या आत त्याने बँकेकडून माझं नाव कमी करून घ्यायचं किंवा एकट्याच्या नावावर दुसरीकडे कर्ज न्यायचं. तसं नाही झालं, किंवा लागोपाठ दोन हप्ते थकले, तर घर विकायचं, विक्रीसाठी दोघांनी सह्या द्यायच्या, आलेल्या पैशांतून आधी कर्ज आणि मग उरलेलं ठरल्या प्रमाणात वाटून घ्यायचं. मी भरलेला हप्ता अमुक टक्के व्याजाने तो मला देणं लागतो, आणि माझ्या हिश्शाचे पैसे द्यायचे असतील तर त्यातून तो हप्ता वजा होणार नाही. हक्कसोडपत्रावर माझी सही बँकेने माझं नाव काढल्याचं पत्र दिल्यावरच, आधी नाही.

या शेवटच्या वाक्यावर मी आग्रह धरते, कारण इथे बायका सगळ्यांत जास्त फसतात. "तू आधी हक्क सोड, मग मी लोन माझ्या नावावर करतो" असं म्हटलं जातं. हक्क सुटतो, कर्ज राहतं, आणि हातात वाटाघाट करायला काहीच उरत नाही. दोन्ही कागद एकाच दिवशी व्हायला हवेत, किंवा बँकेचा आधी.

आणखी एक शब्द वकिलांना घालायला सांगा: न्यायालयाला दिलेली हमी. नुसती दोघांमधली कबुली मोडली तर वसुलीचा मार्ग असतो. न्यायालयाला दिलेली हमी जाणूनबुजून मोडली तर तो न्यायालयाचा अवमान ठरतो, आणि समोरचा माणूस ते मनावर घेतो.

मुद्रांक शुल्काचंही वेळेचं गणित आहे. महाराष्ट्रात राहतं घर नवरा किंवा बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. हुकूमनामा झाल्यावर तुम्ही नवरा-बायको राहत नाही, मग ही सवलतही राहत नाही. मात्र घर गहाण असल्यामुळे बँकेची लेखी परवानगी लागते, आणि समोरचा माणूस कर्जाचा बोजा उचलतोय हा मोबदला धरला जाऊ शकतो. मसुदा नीट जाणकाराकडूनच करून घ्या.

पोटगीचा वाद चालू असेल तर दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक केलं. त्यात हे कर्ज, भरलेले हप्ते आणि थकबाकी सगळं लिहा. बायकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात कार्यालय असतं, फोन १५१००.

बाहेर पडायचे मार्ग

पहिला मार्ग म्हणजे एकाने घर ठेवायचं आणि बँकेने दुसऱ्याचं नाव कमी करायचं. बँकेला हे करायची सक्ती नाही. दोन पगारांवर दिलेलं कर्ज एका पगारावर बसतं का, हे ती नव्याने तपासते: पगारपत्रकं, आयकर विवरणपत्रं, क्रेडिट स्कोअर. बसत नसेल तर मुद्दलाचा काही भाग एकरकमी भरायला सांगते, किंवा भाऊ, वडील असा नवा सहकर्जदार मागते. म्हणून हा अर्ज हप्ते नियमित असतानाच द्यायचा. थकल्यावर कोणती बँक एका कर्जदाराला मोकळं सोडेल? नाव कमी झाल्याचं पत्र बँकेच्या लेटरहेडवर घ्या. "सिस्टिममध्ये झालंय" हे तोंडी उत्तर पुरत नाही.

दुसरा मार्ग, कर्ज दुसऱ्या बँकेत एकट्याच्या नावावर नेणं. बदलत्या व्याजदराचं घरकर्ज व्यक्तीने मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही, त्यामुळे हा रस्ता खर्चात फार पडत नाही. नवी बँक जुन्या बँकेला थेट पैसे देते, जुना करार संपतो, आणि तुमचं नाव आपोआप सुटतं. जुनी बँक नाव काढायला टाळाटाळ करत असेल तर मला हा मार्ग जास्त भरवशाचा वाटतो.

तिसरा मार्ग विक्रीचा. मी शेवटी तोच घेतला. घरावर माझाही जीव होता. स्वयंपाकघरातला ओटा मी स्वतः उंची मोजून घालून घेतला होता. पण दर महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा येणं मला आणखी पंधरा वर्षं नको होतं. गहाण घर विकता येतं, लोकांना वाटतं तसं ते अडकलेलं नसतं. बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्यायचं, म्हणजे अमुक तारखेला खातं बंद करायला किती रुपये लागतील त्याचं पत्र, आणि त्याला जोडून जमा कागदांची यादी. ती दोन्ही बघून घेणाऱ्याची बँक कर्ज मंजूर करते. व्यवहाराच्या दिवशी कर्जाच्या रकमेचा चेक किंवा डीडी तुमच्या कर्जखात्याच्या नावे निघतो आणि फक्त उरलेली रक्कम तुम्हा दोघांना मिळते. हे उरलेले पैसे दोन वेगळ्या चेकने घ्या, तसं करारातच लिहा. सोसायटीची थकबाकी आधी भरून नाहरकत दाखला घ्या. आमच्याकडे मेंटेनन्सचे अकरा महिने राहिले होते, ते निघाले नोंदणीच्या आदल्या दिवशी.

समोरचा परदेशात असेल, आणि पुण्या-ठाण्यात हे फार दिसतं, तर त्याच्या सहीसाठी महिनाभर आधीपासून तयारी करा. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेलं किंवा अपोस्टिल केलेलं (म्हणजे कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का घेतलेलं) कुलमुखत्यारपत्र इथे आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित करावं लागतं. त्यात "विक्री करणे, कर्ज बंद करणे, मूळ कागद ताब्यात घेणे" हे तिन्ही अधिकार स्पष्ट लिहिलेले हवेत. एक राहिला की पुन्हा पहिल्यापासून.

बँक कधीकधी तडजोडीची रक्कम सुचवते: एवढे भरा, खातं मिटवू. घाई करू नका. अशा खात्यापुढे रिपोर्टमध्ये "सेटल्ड" असा शेरा पडतो, दोघांच्याही. पूर्ण फेडलेल्या खात्यापुढे "क्लोज्ड" येतं. पुढे कर्ज देणारा हा फरक बरोबर ओळखतो. दुसरा काहीच इलाज नसेल तरच तडजोड.

हुकूमनामा आहे, पण तो पाळत नाही

आधी वकिलाची नोटीस, त्यात तुम्ही भरलेल्या हप्त्यांचा तक्ता. बरीच प्रकरणं इथेच हलतात. नाही हललं तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, म्हणजे दरखास्त. कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्याची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखीच होते. विक्रीखतावर किंवा हक्कसोडपत्रावर सही करायचं अटींत ठरलं असेल आणि तो येतच नसेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१, नियम ३४ प्रमाणे न्यायालय त्याच्या वतीने दस्त करून देऊ शकतं. हे माहीत नसल्यामुळे किती जणी "त्याची सही मिळत नाही" म्हणून वर्षानुवर्षं बसून राहतात!

अटींमध्ये कर्जाबद्दल अवाक्षर नसेल तर वेगळा दावा लागतो: भरलेल्या पैशांची वसुली, आणि मालमत्तेची वाटणी किंवा विक्री. कागदांची फाइल तारीखवार लावून वकिलाकडे जा, पहिल्या भेटीचा अर्धा वेळ वाचतो.

एक गोष्ट मैत्रिणींना पुन्हा पुन्हा सांगावी लागते. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली घरात राहण्याचा आदेश मिळाला तर तो नवऱ्याविरुद्ध असतो. त्या आदेशात घर विकायला किंवा आणखी गहाण टाकायला त्याला मनाई मागून घेता येते, जरूर मागा. पण आधीच दिलेलं बँकेचं तारण त्याने संपत नाही. हप्ता थकला तर बँक दारात येणारच.

बँकेची नोटीस आली तर

सरफेसी कायदा, २००२, म्हणजे थकलेल्या कर्जासाठी बँकेला कोर्टात दावा न लावता गहाण घर ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा. कलम १३(२) ची नोटीस आली की साठ दिवस मिळतात. त्या साठ दिवसांत लेखी हरकत घ्या: आकडा चुकला असेल, दंडावर व्याज लावलं असेल, तुमचा नवा पत्ता देऊनही नोटीस जुन्या पत्त्यावर गेली असेल, तर सगळं लिहा. बँकेला पंधरा दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नोटिशीनंतर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय घर विकता येत नाही, म्हणून गिऱ्हाईक हातात असेल तर त्याच पत्रात विक्रीची परवानगी मागा. घर लिलावात जाण्यापेक्षा तुम्ही स्वतः विकलेलं बँकेलाही परवडतं, आणि तुम्हाला भाव खूपच बरा मिळतो.

साठ दिवस गेले तर कलम १३(४) खाली ताबा. दारावर नोटीस चिकटते, वर्तमानपत्रात छापून येते, दोघांची नावं असतात. या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला ती आहेत. दिवाणी न्यायालयात स्थगिती मागायला धावू नका, सरफेसीच्या कलम ३४ ने तो दरवाजा बंद केला आहे. कर्ज फेडून घर सोडवायचं असेल तर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी, त्यानंतर तो हक्क राहत नाही. "आमची सहकारी बँक आहे, तिला हे लागू नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. मे २०२० मध्ये पांडुरंग गणपती चौगुले विरुद्ध विश्वासराव पाटील मुरगूड सहकारी बँक या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सहकारी बँकांनाही हा कायदा लागू असल्याचं स्पष्ट केलं. पतसंस्थेचं कर्ज असेल तर मार्ग निराळा: सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला. तिथे सहकार निबंधक कार्यालयाच्या तारखांना हजर राहणं फार महत्त्वाचं, कारण गैरहजर राहिलात तर दाखला एकतर्फी निघतो.

बँकच नियम मोडत असेल तर आधी तिच्याकडेच लेखी तक्रार. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तक्रार ऑनलाइन होते, फी नाही, चौकशीसाठी १४४४८. घटस्फोटाच्या अटी बँक पाळत नाही, ही तक्रार तिथे टिकणार नाही. उतारा देत नाहीत, दंड चुकीचा लावला, वसुलीवाले धमकावतात, ही टिकेल.

कर्ज मिटल्यावर

संपूर्ण कर्ज फिटलं की बँकेने मूळ कागद ३० दिवसांत परत द्यायचे असतात. तिच्या चुकीने उशीर झाला तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, हा डिसेंबर २०२३ पासूनचा नियम आहे. तुम्ही घर ठेवलं असेल तर कागद हातात घेताना जमा यादी समोर ठेवून एकेक पान मोजा: मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, बिल्डरच्या पावत्या, शेअर सर्टिफिकेट. थकबाकी नसल्याचा दाखला दोघांच्याही नावाने मागा. गहाणाची नोंद कमी झाल्याची खात्री करा. सोसायटीत, गृहकर्जाच्या विम्यात, बँक खात्यात नॉमिनी म्हणून अजून जुनं नाव असेल, तेही याच आठवड्यात बदलून घ्या.

पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा क्रेडिट रिपोर्ट काढा. खातं अजून चालू दिसत असेल तर रिपोर्ट देणाऱ्या कंपनीकडे ऑनलाइन हरकत नोंदवा, सोबत दाखल्याची प्रत जोडा. दुरुस्ती तीस दिवसांत व्हायला हवी, नाही झाली तर त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. माझ्या रिपोर्टमध्ये ती सुधारणा चोविसाव्या दिवशी दिसली. मागचे ०२९ आणि ०६० तसेच आहेत, ते पुसले जात नाहीत. पण त्यांच्या पुढचे चौकोन आता रिकामे आहेत, आणि खात्यासमोर "क्लोज्ड" लिहिलेलं आहे.